इंदूरच्या पोह्यातले शेंगदाणे

बुलढाणा,
२० सप्टेंबर २०२५

चि. काजलबाईले बाबाकडून,

तुह्या मोबाइलवरून रोज सांजच्या वक्ताले ‘जेवले का?’ येते आणि मी रोज अंगठा पाठवतो. फेब्रुवारीत डॉक्टरनं माही अर्धी जीभ आणि एका बाजूचा जबडा काढला, तवापासून आपलं बापलेकीचं एवढंच बोलणं उरलं. तू फोनवर ‘बाबा, बाबा’ करतं, मी इकडून घूं घूं करतो, आणि तुही आई मधात पडून सांगते, “ते म्हणून राह्यले, बरं आहे.” मी तसं म्हणून नसतो राह्यलो. म्हणून हे पत्र. हात तर शाबूत आहे. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, चालत्या गाडीत उभ्यानं लिहिलं, तर खाटेवर बसून लिहायले काय जड आहे?

तू इंदूरले पोचली असशील. बायांच्या वर्ल्ड कपचं काम भेटलं, मॅच टीव्हीवर दाखवणाऱ्या कंपनीच्या गाडीत बसून एकेक बॉल कम्प्युटरमधी टाकायचा, हे आईनं सांगतलं. आधी इंदूर, मंग विशाखापट्टणम, मंग गुवाहाटी, शेवटी नवी मुंबई. मले लय बरं वाटलं. माही पोरगी आकडा टाकीन आणि सारी दुनिया तो पाहीन.

आता कामाची गोष्ट. मी कोणतंही गाव नकाशावर नाई ओळखलं, खाऊन ओळखलं. शेगाव म्हटलं की मले आधी कचोरीचा वास येते, मंग बाकीचं. तर तू जिथं जाशील तिथं, तिथलं जे नावाजलेलं असेन ते खाय आणि मले लिहून पाठव. हॉटेलातलं नको, तिथल्या माणसाच्या हातचं. फोटो पाठवू नको, फोटोले वास नसते. माह्या पोटात नळीतून पावडरचं दूध जाते, त्याले ना चव ना ढव. तू लिहिलं तर पाहू, वाचून तोंडाले पाणी सुटते का.

मी चांगला आहे. दवाखान्यातली वैष्णवी मॅडम गिळायचे व्यायाम शिकवते. रोज दोन चमचे पेज तोंडानं घेतो.

तुहा बाबा,
मोतीराम

•

इंदूर,
२६ सप्टेंबर

बाबा,

तुमचं पत्र हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसानं दोन्ही हातांनी दिलं. म्हणाला, “हाताने लिहिलेलं पाकीट कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.” मी ते व्हॅनमध्ये बसून वाचलं आणि ‘दोन चमचे पेज’ या ओळीवर आले तेव्हा शेजारच्या ज्ञानेश्वरला मोठ्यानं वाचून दाखवलं. ज्ञानेश्वर आपल्या मेहकरकडचा. मैदानभर केबल टाकायचं काम करतो. त्यानं टाळ्याच वाजवल्या.

काम जमतंय. गाडीच्या आत बर्फासारखं थंड असतं, म्हणून मी आईची शाल पांघरून बसते. बॉल पडला की दोन सेकंदांत आकडा गेला पाहिजे. अजून खऱ्या मॅच सुरू व्हायच्या आहेत, सध्या तालीम चालू आहे.

आता तुमची फर्माईश. काल सकाळी पोहे-जलेबी खाल्ली. इथं प्रत्येक कोपऱ्यावर मिळते. पोहे कढईतून गरमागरम, कांदा आणि शेंगदाण्यांची खमंग फोडणी, वरून लिंबू, कोथिंबीर, शेव. सोबत जलेबी, पाकात निथळणारी. गोड आणि तिखट एकत्र कसं खातात असं वाटलं होतं, पण छानच लागतं. लोक उभ्यानं खातात आणि खाताना बोलत नाहीत. मी दोन प्लेट खाल्ल्या.

तुम्ही मॅडमचं ऐका. पेज वाढवा. आईला सांगा, शाल आहे म्हणून मी आहे.

तुमची,
काजल

•

बुलढाणा,
१ ऑक्टोबर

चि. काजल,

पत्र पोचलं. हे पत्र विशाखापट्टणमच्या हॉटेलच्या पत्त्यावर टाकून राह्यलो, तू पोचायच्या आधी ते पोचलं तर त्याले वाट पाहू दे.

पोह्याचं वाचलं. एक विचारतो, पोहे कढईतच होते का? आणि शेंगदाणे नक्की होते? म्हाताऱ्याले असल्या बारीक गोष्टी लागतात, राग मानू नको. जलेबी जाड होती का पातळ, तेही लिही.

आई म्हणे, फोनवर तुहा आवाज बारीक येते. मले वाटते, कंपनी तुम्हाले जेवायले सुटी देत नसेन. असं असेन तर साहेबाले तोंडावर सांग. मी डेपोत एकदा जेवणाच्या सुटीपायी मॅनेजरसंगं भांडलो होतो. गाडी अर्धा घंटा लेट निघाली, पण डायव्हर आणि मी जेवून निघालो. उपाशी माणसाच्या हातून काम बिघडते.

इकडे दसऱ्याची गडबड. शेजारच्या भाऊरावनं झेंडूची टोपली आणून देल्ली. तो येते, माह्यासमोर बसते आणि मले बोलता येत नाई म्हणून तोही बोलत नाई. बोलायच्या जागी लिहायले मी खडू-पाटी ठेवली आहे, तिच्यावर लिहिलं, ‘तुही तर जीभ आहे बे, बोल.’ तवा हसला.

पेज चालू आहे. रोज दोन चमचे.

बाबा

•

विशाखापट्टणम,
८ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र खरंच माझी वाट पाहत होतं. खोलीची किल्ली आणि पाकीट एकदमच हातात आलं.

कंपनीवर उगीच रागावू नका. जेवायला भरपूर वेळ देतात. माझा आवाज बारीक येतो तो नेटवर्कमुळे.

इथं समुद्र आहे. हॉटेलच्या गच्चीवरून दिसतो. तुम्ही समुद्र पाहिलेला नाही, मीही इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहतेय. सकाळी बोटी परत येतात तेव्हा किनाऱ्यावर नुसता गोंगाट.

इथली नावाजलेली गोष्ट म्हणजे पेसरट्टू. हिरव्या मुगाचा डोसा. मूग भिजवून वाटतात, तव्यावर पातळ पसरतात आणि आत चक्क उपमा भरतात. सोबत आल्याची चटणी. स्वर्गीय चव! रंग अप्रतिम हिरवा, कुरकुरीतपणा अवर्णनीय. संध्याकाळी किनाऱ्यावर मुरी मिक्स्चर मिळतं, म्हणजे आपल्या मुरमुऱ्यांच्या भेळीसारखं, तेही अतिशय चविष्ट. इथले लोक फार प्रेमानं खाऊ घालतात.

काम उत्तम चाललंय. तुम्ही पेज तिसऱ्या चमच्यापर्यंत नेली का?

काजल

•

बुलढाणा,
१३ ऑक्टोबर

काजल,

आज आशीर्वाद शेवटी लिहितो. आधी दुसरं.

इंदूरची गाडी मी सहा वर्षं केली. तू तवा लय लहान होती, म्हणून तुले माहीत नाई, आणि मीही मुद्दाम लिहिलं नव्हतं. म्हटलं, पोरीच्या डोळ्यानं नवं पाहू. सकाळी गाडी लागली की मी आणि डायव्हर किसनराव स्टँडसमोरच्या गाड्यावर जात होतो. तिथले पोहे कढईत नसतात वं. खाली उकळत्या पाण्याचं भगोनं, त्याच्यावर पोह्याची परात, ते वाफेवर बसलेले असतात दिवसभर. आत सोप, म्हणजे बडीशेप. वरून शेव, कच्चा कांदा आणि एक मसाला भुरभुरतात, त्याले जीरावन म्हणतात. सहा वर्षांत मले तरी त्याच्यात शेंगदाणा भेटला नाई. तू जे लिहिलं ते तुह्या आईचे पोहे आहेत. आपल्या घरचे.

मी पुन्हा विचारलं तर तू समुद्र दाखवला.

आणि तो मुगाचा डोसा. ‘स्वर्गीय चव’ लिहिलं तू. ज्यानं खाल्लं तो असं लिहीत नाई. खाल्लेला माणूस म्हणते, आल्याच्या चटणीनं कान गरम झाले, नाहीतर म्हणते, उपमा थंड होता. बत्तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. ज्यानं तिकीट नाई काढलं तो माणूस खिडकीबाहेर लय ध्यान लावून पाहते. तुहं पत्र तसं खिडकीबाहेर पाहून राह्यलं.

काऊन खोटं लिहिलं? बिमार आहे का? कोणी काही बोललं? कोणी त्रास देऊन राह्यलं? खरं लिही. मी ओरडणार नाई, ओरडायले जबडा लागते.

आशीर्वाद आहेतच.

बाबा

•

विशाखापट्टणम,
१८ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र काल आलं. आज सकाळी मॅच नव्हती, म्हणून किनाऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून लिहितेय.

मी खाल्लं नाही. इंदूरला नाही, इथंही नाही. पोहे मी आईचेच लिहिले. पेसरट्टू ज्ञानेश्वरनं खाल्ला होता, त्याला विचारून विचारून लिहिला. तो म्हणालाही, “तूच खा ना एकदा, मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय.”

मला कुणी त्रास देत नाही. माझं मीच ठरवलंय. आणि त्याचं कारण तुम्हाला आठवत नसेल, अशी आशा धरून इतके महिने गप्प होते.

संक्रांतीचा दिवस. आईनं गुळाच्या पोळ्या केल्या होत्या आणि भरल्या वांग्यांची भाजी. तुम्ही दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. त्या आठवड्यात चौथ्यांदा. आई ताट उचलून आत गेली. मी आत डोकावले तर ती तुमच्या ताटातली भाजी चाखून पाहत होती, आपलं काय चुकलं म्हणून. मला इतका राग आला! बाहेर येऊन मी म्हणाले, “आईच्या हाताची चव गेली नाही बाबा. तुमची जीभ सडली आहे.”

हे मी बोलले. सणाच्या दिवशी, तीळगूळ हातात असताना. तुम्ही उठून मोरीकडे गेलात. आणि महिनाभरानं संभाजीनगरच्या दवाखान्यात मी ऑपरेशनच्या दाराबाहेर उभी होते. आत तुमची जीभ कापत होते. मी तिथंच ठरवलं, बाबा तोंडानं जेवेपर्यंत मी चवीचं काही खाणार नाही. देवाला बोलले नाही, कुणालाच नाही. तेव्हापासून दिवसातून एकदा वरण-भात खाते, फोडणी नाही, मीठ नाही. इथं दही-भात.

तुम्ही म्हणालात, उपाशी माणसाच्या हातून काम बिघडतं. बिघडलं. परवा मॅचआधीच्या तालमीत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तीन बॉल टाकायचे राहिले. पडद्यावर षटक चुकीचं दिसायला लागलं. साहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि बाहेर बसवलं. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, “डॉक्टरला दाखव. गुवाहाटीला असं झालं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल.”

तुम्ही खमंग काही वाचायला मागितलंत आणि मी तेही खोटं दिलं. मला त्या वाक्याची माफी मागता येत नाही बाबा. कशी मागतात, मला कळत नाही.

काजल

•

बुलढाणा,
२४ ऑक्टोबर

माह्या बाई,

काल भाऊबीज झाली. पोस्टमन आज आला आणि दिवाळीच्या ग्रीटिंगासंगं तुहं पत्र देऊन गेला. मी ते दोनदा वाचलं, मंग अंगणात जाऊन बसलो, मंग तिसऱ्यांदा वाचलं.

संक्रांतीचं मले आठवते. शब्द न् शब्द आठवते. आता मी जे लिहितो ते आजवर कोणालेच सांगतलं नाई, तुह्या आईलेसुदीक नाई.

आधीच्या गणपतीपासून माह्या जिभीच्या कडेले पांढरा चट्टा होता. ज्या गालात तंबाखूचा खर्रा धरायचो त्याच बाजूले. तिखट लागलं की आग होये. मले माहीत होतं ते काय असू शकते. आमच्या डेपोतला मेकॅनिक त्याच्यानंच गेला, त्याले खांदा मीच देल्ला होता. पण मी आरसा पाहत नव्हतो. वाटे, पाह्यलं नाई तवालोक ते नाई. चार महिने मी असा काढला. भाजी तिखट झाली, भाकर कडक झाली, असं म्हणून तुह्या आईवर ढकलत होतो. ती बिचारी मिरची कमी करत गेली.

तू बोलली, ‘सडली.’ तो शब्द मी स्वतःच्या मनात चार महिने दाबून ठेवला होता. तुह्या तोंडून तो ऐकला आणि मी मोरीत गेलो, दार लावलं, मोबाइलची बॅटरी लावून पहिल्यांदा तोंड उघडून पाह्यलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. आलमारीत फाइल आहे, घरी आली की पहिला कागद काढून पाहाय. सोळा जानेवारी. डॉक्टर म्हणाला होता, अजून दोन महिने काढले असते तर आम्ही हात लावला नसता.

हे मी तुले तवाच सांगायले पाह्यजे होतं. पण मले वाटे, पोरगी बोलून विसरली असेन. आणि बापाले असं बोलल्यावर बापानंच तिचे आभार मानायचे, ते तोंडातून कसं निघावं? तवा तोंड होतं तरी निघालं नाई.

तर माफीचा हिशेब नाई निघत. निघाला तर माह्याकडूनच निघते. आता तू जेव. माह्या नावानं तू उपाशी राहशील तर मले एकाच्या दोन बिमाऱ्या. तुहं काम तुह्या बुद्धीनं भेटलेलं आहे, ते माह्या जिभीपायी जाऊ देऊ नको.

तुहा बाबा

[त्याच पाकिटात, वहीच्या फाडलेल्या पानावर]

काजल, बाबा डिंक आणायले गेले तेवढ्यात हे घालून राह्यली. मी सातवीपर्यंतच शिकली, चुकलं तर समजून घे. ते पेज घेतो म्हणून लिहितात ते खरं नाई. पोळ्याच्या दिवशी चमचाभर पेज गेली आणि असा ठसका लागला की निळे पडले. मी पाठीवर मारून मारून थकली. तवापासून तोंडात काही घेतलं नाई. वैष्णवी मॅडम म्हणते, असंच राह्यलं तर गळा आवळून जाईन, मंग कधीच गिळता येणार नाई. मी म्हटलं तर पाटीवर लिहितात ‘उद्या’. रोज उद्या. तुहं ऐकतीन. पण मी सांगतलं असं लिहू नको, त्यायले वाईट वाटीन. तू खात जाय बाई.

आई

•

गुवाहाटी,
३० ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. मी दोन तास खोलीतच होते. मग आमच्या कॅमेऱ्यावर काम करणारी रूनूमी मला बोलवायला आली. ती इथलीच, गुवाहाटीची. माझा चेहरा पाहून म्हणाली, “चल, माझ्या आईकडे जाऊ.”

मी खाल्लं बाबा. आता काय खाल्लं ते सांगते, हवं तितक्या वेळा पुन्हा विचारा.

इथं सकाळच्या फराळाला जलपान म्हणतात. काशाच्या वाडग्यात एक भात होता. भात म्हणजे शिजवलेला नाही. कोमल चावल म्हणून तांदूळ असतो, तो कोमट पाण्यात भिजवून ठेवतात आणि अर्ध्या तासात तो चुलीवर न चढता मऊ होतो. मला खरं वाटेना, तर त्या माउलीनं माझ्यासमोर मूठभर भिजवून दाखवला. त्यावर घट्ट दही आणि गुळाचा चुरा. दही जरा जास्त आंबट होतं. गूळ आपल्यापेक्षा काळा, मागून थोडा खारट लागतो. पहिल्या घासाला मला काहीच कळलं नाही, जीभ जणू झोपली होती. तिसऱ्या घासाला गूळ लागला आणि मी त्या परक्या स्वयंपाकघरात हुंदके देऊन रडले. रूनूमीची आई घाबरली, तिला वाटलं दह्यात काही पडलं. मग मी अर्धा वाडगा संपवला. दुपारभर पोटात दुखलं, तेही लिहून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल खिडकीबाहेर बघतेय.

आता तुमचं तिकीट तपासते. २० सप्टेंबरला तुम्ही लिहिलंत, रोज दोन चमचे पेज. १ ऑक्टोबरला, रोज दोन चमचे. मी तिसऱ्या चमच्याचं विचारलं तर तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. बाबा, मी दिवसभर आकडे टाकते. माणूस काही करत असेल तर आकडा हलतो. कधी तीन होतो, कधी दीड. जो आकडा हलत नाही तो कुणीतरी घरी बसून लिहिलेला असतो.

तुम्ही किती दिवस तोंडात काही घेतलं नाही? आणि कशाची भीती वाटते? मला सांगा. जिभेचा चट्टा जसा चार महिने पाहिला नाहीत, तसं हेही चाललंय का?

मी अट घालत नाही. तुम्ही गिळा किंवा गिळू नका, मी जेवणार आहे. आज जेवले, उद्याही जेवेन. काल मॅच झाली आणि माझा एकही बॉल चुकला नाही, हेही सांगून टाकते.

रूनूमीच्या आईनं एक किलो कोमल चावल दिला आहे. तो वेगळ्या पार्सलनं पाठवते. आधी वैष्णवी मॅडमना विचारा. त्या हो म्हणाल्या तरच, भिजवून, घट्ट दह्यात पार घोटून, त्यांच्यासमोर. त्या नाही म्हणाल्या तर आईला खाऊ द्या.

तुमची,
काजल

•

बुलढाणा,
९ नोव्हेंबर

चि. काजल,

काम आटपून तू तुह्या पनवेलच्या भाड्याच्या खोलीवर गेली असशील, तिथं हे पत्र पोचेन तवा तुही झोप झाली असेन. शेवटची मॅच आम्ही भाऊरावच्या घरी पाह्यली. पडद्यावर खाली आकडे बदलत होते. भाऊराव बॅट पाहत होता आणि मी आकडे.

माहं तिकीट नव्हतं. पकडलं तू. पोळ्यापासून काहीच घेतलं नव्हतं. भीती कशाची ते विचारलं, तर सांगतो. ठसका लागला तवा मले वाटलं की मी तुह्या आईच्या हातावर मरून राह्यलो, आणि तिले वाटीन की तिच्याच पेजेनं मेला. मरणाची तेवढी नाई वाटली. तिच्या त्या तोंडाची वाटली.

पार्सल मंगळवारी आलं. बुधवारी आम्ही दोघं डबा घेऊन वैष्णवी मॅडमकडं गेलो. तिनं तांदूळ हातावर घेऊन पाह्यला, तोंडात टाकला, म्हणाली, “बाबा, हे तर माझ्या पुस्तकात नाही.” मंग दह्यात जरासा गूळ टाकून घोटून घोटून चटणीसारखा केला. हनुवटी छातीकडं घ्यायची, श्वास धरायचा, गिळायचं, खाकरायचं, पुन्हा गिळायचं. तिनं लय खेपा करून घेतलं, मंग चमचा देल्ला. अर्धाच.

पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा नाकातून आला. खोकलो. आई उठून उभी राह्यली, मॅडमनं तिचा हात धरून तिले खाली बसवलं आणि म्हणाली, “खोकू द्या, खोकला म्हणजे चांगलं.” मी डोळे पुसले आणि बोट वर केलं. चौथा गेला.

चवीचं खरं लिहितो. दही आंबट आहे का गोड, ते नाई कळलं. गूळ कळला. उरलेल्या जिभीच्या मागं, एका कोपऱ्यात. लगेच नाई, गिळल्यावर. आधी थंड लागलं, मंग गुळगुळीत, आणि मंग कोणीतरी लांबून हाक मारावी तसं गोड. मी पाटीवर लिहिलं, ‘गूळ.’ मॅडमनं ते वाचलं आणि चष्मा काढला.

तवापासून रोजचं चालू आहे. गुरुवारी पाच अर्धे चमचे, शुक्रवारी दोनच, ठसका लागला होता. काल सहा. आकडा हलून राह्यला, पाहून घे. नळी निघायले लय दिवस आहेत, कदाचित पुरी निघणारही नाई, असं मॅडम म्हणाली. मी मान डोलावली.

आता एक गोष्ट, जी मी कोणाले पाटीवर लिहून दाखवू शकत नाई. काल दुपारी माहे सहा चमचे झाले. आई वाडगा उचलून सैपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. मले पाणी पाह्यजे होतं म्हणून मी मागून गेलो. दार उघडलं, तर ती ओट्याच्या कोपऱ्यात, भिताडाकडं तोंड करून, उभ्यानं जेवून राह्यली होती. ताट नाई, भाकर हातावर. मले पाहून तिनं पदरानं भाकर झाकली.

फेब्रुवारीपासून ती अशीच जेवत होती, काजल. मले दिसू नाई, मले वास येऊ नाई म्हणून. वर्ष होत आलं. घरात दोन माणसं आणि मी एकदाही विचारलं नाई की पुष्पा, तू कवा जेवतं.

मी मांडणीवरून तिचं ताट काढलं. त्याच्यात भाकर ठेवली, भाजी वाढली, मिरचीचा ठेचा वाढला. बाहेर आणून माह्या खाटेसमोर पाट टाकला. ती नको नको म्हणत होती. मी पाटावर बोट ठेवलं. बसली. दोन घास तिनं खाली मान घालून घाईघाईनं खाल्ले, चोरून खाल्ल्यासारखे. मंग वर पाह्यलं. मी नुसता बसून होतो.

मंग तिनं आस्ते भाकर मोडली, ठेच्याले लावली, आणि माह्याकडं पाहत पाहत जेवली.

बाबा